विकासात्मक दिव्यांग व्यक्तींच्या काळजीवाहकांचे प्रशिक्षण

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात), डाउन सिंड्रोम यांसारख्या जन्मतः किंवा बालवयात उद्भवणाऱ्या आणि पुढे आयुष्यभर राहणाऱ्या स्थितींना विकासात्मक दिव्यांगत्व असे म्हणतात. अशा व्यक्तींना जेवण, स्नान, हालचाल, संवाद आणि समाजातील वावर यांत प्रत्यक्ष साहाय्य करणाऱ्या माणसांना दिल्या जाणाऱ्या व्यावहारिक शिक्षणास काळजीवाहकांचे प्रशिक्षण असे संबोधले जाते. शहरांत हे काम बहुधा विशेष शाळांतील मदतनीस, निवासी संस्थांतील कर्मचारी किंवा पगारी सेवक करतात. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीसारख्या सातपुड्यातील भागात ते आई, आजी, मोठी बहीण यांच्याकडे असते. त्यांच्या जोडीला अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील काळजीवाहकाच्या व्याख्येत पालक व कुटुंबीय यांचा स्पष्ट समावेश असून मोबदला घेणारा आणि न घेणारा असा भेद तिथे केलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने घरातील आजी ही काळजीवाहक ठरते, ही बाब प्रशिक्षण आखणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात या क्षेत्रातील काम शाळांपासून सुरू झाले. मुंबईत वकील दांपत्याने १९४४ साली सुरू केलेली जय वकील शाळा आणि पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली स्थापन केलेली कामायनी या त्यांतील अग्रगण्य संस्था होत. १९८४ साली सिकंदराबाद येथे राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ मुळे अभ्यासक्रमांना मान्यता देण्याची व्यवस्था उभी राहिली. या साऱ्यांचा भर स्वाभाविकपणे विशेष शिक्षकावर राहिला. शिक्षकाच्या हाती मूल दिवसातले पाच-सहा तास असते. उरलेला दिवस आणि सगळी रात्र ज्यांच्या हाती असते त्यांच्या शिक्षणाचा विचार पुष्कळ उशिरा झाला.

अप्रशिक्षित व्यवस्था कुठवर जाऊ शकते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण १९९४ सालचे आहे. शिरूर (जि. पुणे) येथील मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातील काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळातील स्वच्छता या मुलींना राखता येत नाही, असे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि देशभर वाद झाला. वस्तुतः कापड किंवा पॅड बदलणे, धुणे आणि टाकणे हे काम छोट्या पायऱ्यांत विभागून अनेक मुलींना शिकवता येते; ज्यांना ते साधत नाही त्यांना लाज न आणता मदत करणे सेविकेला शिकवता येते. जे शिकवण्याने साधले असते त्यासाठी शस्त्र उचलले गेले, असाच या घटनेचा अर्थ घ्यावा लागतो.

मोलगी परिसरातील परिस्थिती

मोलगी हे डोंगरातील बाजारपेठेचे गाव असून येथे ग्रामीण रुग्णालय आहे. सभोवतालची गावे पाड्यापाड्यांत विखुरलेली असून घरे डोंगरउतारावर एकमेकांपासून दूर दूर असतात. काही पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी किंवा तज्ज्ञ तपासणीसाठी देवगोई घाट उतरून अक्कलकुवा आणि पुढे नंदुरबार गाठावे लागते. पंधरवड्यातून एकदा उपचारकेंद्रात या, हा शहरी सल्ला येथे पाळणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. साहजिकच जे काही करायचे ते घरातल्या माणसाला शिकवूनच करावे लागते.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. शेतीची कामे संपल्यावर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी आणि अन्य मजुरीसाठी गुजरातकडे जातात. चालू न शकणारे मूल कधी बरोबर नेले जाते, कधी आजीआजोबांपाशी ठेवले जाते. अशा वेळी फक्त आईला दिलेले प्रशिक्षण तिच्याबरोबर निघून जाते. त्यामुळे घरटी किमान दोन व्यक्तींना, त्यांपैकी एक मागे राहणारी असेल अशा रीतीने, शिकवणे येथे आवश्यक ठरते.

भरवण्याचे शिक्षण

या परिसरात सर्वाधिक निकडीचा विषय हाच आहे. नंदुरबार जिल्हा कुपोषणासाठी वारंवार चर्चेत येतो. वजन आणि दंडघेर मोजून मुलाची नोंद तीव्र कुपोषित अशी केली जाते आणि पोषक आहार दिला जातो. परंतु सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे वजन घरात अन्न असूनही घटू शकते, कारण त्याला जीभ, ओठ आणि मान यांवर नियंत्रण ठेवता येत नाही. एकेक जेवण तासभर चालते, निम्मे अन्न बाहेर सांडते, उरलेल्यातले काही श्वासनलिकेत जाते आणि वारंवार न्यूमोनिया होतो. अशा मुलाला केवळ जादा आहार देऊन वजन वाढत नाही. भरवण्याची पद्धत बदलावी लागते.

मुलाला आडवे निजवून किंवा मान मागे टाकून तोंडात ओतणे सर्वांत धोकादायक होय. मूल शक्य तितके ताठ बसलेले, कंबर व गुडघे काटकोनात, पाय टेकलेले आणि हनुवटी किंचित खाली असावी. भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. चमचा उथळ असावा व तो समोरून, थोडा खालच्या बाजूने आणून जिभेच्या मध्यावर हलकेच दाबावा; ओठ मिटण्याची आणि गिळण्याची वाट पाहूनच पुढचा घास द्यावा. खोकला, ओलसर घरघरता आवाज, डोळ्यांत पाणी किंवा श्वासाची गती वाढणे ही थांबण्याची चिन्हे आहेत. जेवणानंतर सुमारे अर्धा तास मुलाला उभट स्थितीत ठेवावे.

अन्नाच्या पोताकडे सहसा दुर्लक्ष होते. मोलगीची भगर प्रसिद्ध आहे आणि घरोघरी ती खाल्ली जाते. पातळ पेजेत भगरीचे सुटे दाणे तरंगत असले, तर पाणी आणि दाणा असे दोन पोत एकाच वेळी सांभाळावे लागतात. गिळण्याची अडचण असलेल्या मुलाला हेच सर्वांत अवघड जाते. तीच भगर मऊ शिजवून, घोटून, चमच्यावर टिकेल इतकी घट्ट केली आणि तीत थोडे तेल किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट नीट मिसळले, तर कमी घासांत अधिक ऊर्जा मिळते. यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. हा बदल कागदावर वाचून शिकता येत नाही. प्रशिक्षकाने चुलीपाशी बसून, आईचा हात धरून तो दाखवावा लागतो.

इतर आशय

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकणे, मूल मोठे झाल्यावर दोघांनी मिळून उचलणे, ही शारीरिक कौशल्ये काळजीवाहकाची पाठही वाचवतात. आकडी आल्यास व्यक्तीला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, वेळ मोजावी आणि पाच मिनिटांहून अधिक काळ झटके राहिल्यास रुग्णालय गाठावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा महाराष्ट्रभर आढळते. तिचा उपयोग काहीही नाही.

बसण्याच्या साधनांसाठी डेव्हिड वर्नर यांचे ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ (१९८७) हे पुस्तक मार्गदर्शक मानले जाते. मेक्सिकोतील खेड्यांतील अनुभवावर आधारलेल्या या ग्रंथात स्थानिक लाकूड, दोरी, कापड यांपासून खुर्च्या, पाचर आणि चालण्याचे आधार बनवण्याची रेखाटने आहेत. सातपुड्यात बांबू आणि तो विणणारे हात दोन्ही उपलब्ध आहेत.

वर्तनाविषयीचे शिक्षण अधिक नाजूक असते. मूल चावते, डोके आपटते, कपडे फेकते तेव्हा त्याला वाईट खोड म्हणून मार बसतो किंवा बाहेरची बाधा समजून भगताकडे नेले जाते. त्या कृतीपूर्वी काय घडले, कृती नेमकी कोणती आणि तिच्यानंतर मुलाला काय मिळाले, या तीन गोष्टी आठवडाभर पाहण्यास काळजीवाहकाला शिकवले जाते. पुष्कळदा दातदुखी, कानाचे दुखणे, बद्धकोष्ठ किंवा नुसती भूक कारण म्हणून सापडते. बोलता न येणारे मूल अशा कृतीतून काहीतरी सांगत असते, हे एकदा उमगले की मारणे आपोआप कमी होते.

कौशल्य शिकवताना कामाचे लहान टप्पे पाडण्याची पद्धत वापरतात. अमेरिकेतील मार्क गोल्ड यांनी १९७० च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सायकलच्या ब्रेकची जुळणी करण्यास शिकवून दाखवले. शिकणाऱ्याला काम जमले नाही तर शिकवण्याची रीत बदलावी, असा त्यांचा आग्रह होता. घरगुती पातळीवर सदऱ्याची शेवटची गुंडी मुलाने लावावी, मग शेवटच्या दोन, असे उलट क्रमाने नेता येते. प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचे समाधान मुलालाच मिळते.

भाषा आणि पद्धत

प्रमाण मराठीतील पुस्तिका येथे अपुऱ्या पडतात. परिसरात प्रामुख्याने भिलीच्या बोली आणि अक्राणीच्या बाजूस पावरी बोलली जाते. संवादासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रपट्ट्यांवर मिक्सर आणि सोफा यांची चित्रे असतील तर त्या पट्ट्या निरुपयोगी ठरतात. तिथे चूल, हंडा, बकरी, बाजाची खाट हवी. अल्पशिक्षित स्त्रिया अवघड आरोग्यकौशल्ये उत्तम आत्मसात करतात, हे जामखेड येथे आरोळे दांपत्याने १९७० नंतर आणि गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या काळजीवाहक कौशल्य प्रशिक्षणात नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असतात. मोलगीसारख्या ठिकाणी हे प्रमाण उलटवून गृहभेटी वाढवणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण उतारावरील घर आणि त्यातील अडचणी गटसत्रात दिसत नाहीत.

शासकीय चौकट

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली स्थापन झालेल्या न्यासाची ‘सहयोगी’ ही काळजीवाहक घडवण्याची योजना असून ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. २०२१ साली पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या साहाय्याने समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या बरोबरीने गावपातळीवर काम करणारे ‘दिव्यांग मित्र’ त्यातून तयार व्हावेत, अशी कल्पना आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धतीही जाहीर केली.

२०१६ च्या अधिनियमातील कलम ४७ कुटुंबीयांसह सर्वांना काळजी व आधार देण्याचे प्रशिक्षण मिळावे अशी जबाबदारी शासनावर टाकते, तर कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. ऊसतोडीस न जाता मुलापाशी थांबणाऱ्या आईची बुडालेली मजुरी हा या भत्त्याचा येथील खरा हिशेब आहे.