घाटात राहिलेली गावे

सावित्री आणि जगबुडी या दोन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये सह्याद्रीची एक सोंड पश्चिमेकडे उतरत आली आहे. तिच्या अंगावरून वळणे घेत जाणारा कशेडी घाट म्हणजे रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची हद्द. मुंबईहून गावी निघालेल्या चाकरमान्याला पोलादपूर सोडल्यावर हा घाट लागला की खऱ्या कोकणाच्या उंबरठ्यावर आल्यासारखे वाटे, आणि घाट सुखरूप उतरून गाडी खेडच्या बाजूला लागली की घरातली माणसे नकळत सुटकेचा निःश्वास टाकीत. आगगाडीने ही सोंड केव्हाच भेदली होती. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, तेव्हा करंजाडी आणि दिवाणखवटी यांच्यामधला नातूवाडीचा चार किलोमीटरांहून लांब बोगदा तिच्या सेवेत होता. मोटाररस्त्याला मात्र त्यानंतर पंचवीस वर्षे वाट पाहावी लागली. 2023च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर, सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांपैकी एक हलक्या वाहनांसाठी खुला झाला, आणि जिथे पाऊण तास मोडत असे तो टप्पा काही मिनिटांवर आला.

या कामाचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पावसाळ्यात बोगद्याच्या छतातून पाणी गळू लागल्याने दुरुस्तीचे खटाटोप करावे लागले, तरी घाटाच्या वळणांवर आजवर ज्यांचे आप्त गेले त्यांना हा बोगदा म्हणजे उशिरा आलेला न्यायच वाटेल. परंतु या साऱ्या आनंदात रस्त्याचे मोजमाप एकाच मापाने होत आले आहे, आणि ते माप म्हणजे वरून जाणाऱ्याचा वाचलेला वेळ. जो रस्त्यावरून जात नाही, रस्त्याकाठी राहतो, ज्याला शाळेसाठी, दवाखान्यासाठी, बाजारासाठी रोज हा रस्ता ओलांडावा लागतो, त्याच्या पावलांनी हा रस्ता कोणी मोजला आहे काय? भोगाव, धामणदिवी, कशेडी ही गावे बोगद्यातून निघून गेलेली नाहीत. ती आपापल्या उतारांवर होती तिथेच आहेत.

घाटाखालच्या एखाद्या फाट्यावर तिन्हीसांजेला थोडा वेळ उभे राहावे. पोलादपूरचा बाजार करून आलेली एक म्हातारी एस. टी.तून उतरते. डोक्यावर पाटी, हातात पिशवी, आणि तिचे घर रस्त्याच्या पलीकडे. ती गाडीच्या मागून वाकून पाहते, एक पाऊल टाकते, पुन्हा मागे घेते, शेजारी उभ्या असलेल्या पोराला म्हणते, "बाळा, बघ रं, येतंय का काय?" दुपदरी रस्त्याची रुंदी साधारण सात मीटर. म्हातारे पाऊल सेकंदाला मीटरभर पडते असे धरले तर तिला सात सेकंद हवेत. ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, म्हणजे त्या सात सेकंदांत ती एकशे सतरा मीटर पुढे आलेली असते. वळण जर ऐंशी मीटरांवर असेल, तर म्हातारीने पाऊल उचलले तेव्हा जी गाडी तिच्या दृष्टीसही पडली नव्हती, ती तिच्या अर्ध्या वाटेत तिच्यापुढे येऊन ठेपते. आता चालकाच्या बाजूने पाहू. संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद जातात असे रस्तेबांधणीचे शास्त्र धरून चालते. त्यानंतर प्रत्यक्ष थांबायला लागणारे अंतर मिळवले की 60च्या वेगाला ऐंशी मीटर लागतात, आणि 30च्या वेगाला अवघे तीस. ओल्या रस्त्यावर आणि उतारावर हा आकडा वाढतो. तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस झेलणाऱ्या पोलादपूर तालुक्यात रस्ता कोरडा असण्याचे दिवस धरून हिशेब मांडणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

हा हिशेब एकदा ध्यानात आला की थांबा कोठे असावा याचा वाद उरत नाही. वळणाच्या कुशीत, फाट्याच्या तोंडाशी, सोयीचे वाटते म्हणून गाडी थांबविण्याची जुनी सवय मोडून थांबा अशा सरळ टप्प्यावर न्यावा, की दोन्ही बाजूंनी शंभर-सव्वाशे मीटर स्वच्छ दिसेल. गाडी मुख्य मार्ग सोडून आत उभी राहील इतकी जागा करावी, ओलांडण्याची पट्टी गाडीच्या पुढे न काढता मागे काढावी, आणि तिच्या अलीकडे रम्बलर घालून वेग तिशीवर आणावा. यांतली एकही गोष्ट बोगद्याइतकी खर्चाची नाही.

आता एस. टी.विषयी. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून खेडे आणि तालुका यांना जोडणारा धागा म्हणजे ही लाल गाडी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022पासून मोफत आणि महिलांना 2023पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, ही सरकारची तरतूद खरोखर मोलाची आहे. परंतु सवलत गाडीवर असते, आणि गाडीच थांबत नसेल तर त्या सवलतीचे काय करावयाचे? लांब पल्ल्याच्या गाड्या बोगद्यातून निघून गेल्यावर जुन्या घाटातल्या वाड्यांसाठी वेळापत्रकात वेगळी, नियमित फेरी असणे हे आता क्रमप्राप्त झाले आहे. मुक्कामी गाडी रात्री गावात आली आणि पहाटे शाळा-कॉलेजच्या मुलांना घेऊन निघाली, तर मिनीडोरच्या मागच्या फळीवर लोंबकळत जाण्याची पाळी मुलांवर येणार नाही. ग्रामीण रस्त्यावरची सुरक्षितता पुष्कळदा इथेच ठरते. भरवशाचे वाहन नसले की माणूस मिळेल त्या वाहनात मिळेल तसा बसतो, आणि अपघात झाल्यावर पंचनाम्यात क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी अशी नोंद होते. ते जास्त का झाले, हे त्या कागदात येत नाही.

जुन्या घाटाची स्वतःची व्यथा निराळीच आहे. भोगावच्या हद्दीत पावसाळ्यात रस्ता खचतो, धामणदिवीच्या बाजूला दरड येते. डोंगरात मुरलेले पाणी मातीला आतून पोखरीत असताना वर कितीही डांबर ओतले तरी ते टिकणार कसे? वरच्या बाजूची गटारे आणि मोऱ्या मे महिन्यातच साफ करणे आणि झिरपणाऱ्या पाण्याला वाट काढून देणे हाच तिथला खरा बंदोबस्त. महामार्गाची रहदारी खाली बोगद्यात गेली म्हणून वरच्या रस्त्याची जबाबदारी कोणत्या खात्याच्या दप्तरी राहील, याचा लेखी खुलासा गावकऱ्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आताच मागून घ्यावा; ज्या रस्त्याचा धनी ठरलेला नाही त्याच्या मोऱ्या कोणी उपसत नाही. रहदारी विरळ झाली की उरलेली वाहने अधिक वेगाने धावतात हाही अनुभव आहे. ज्या गियरात घाट चढावा त्याच गियरात तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक. उतारावर गाडी हलकी सोडून नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली की लायनर तापतात, आणि नेमक्या शेवटच्या वळणावर पायाखाली काही लागत नाही.

आणि एवढे करूनही अपघात झाला तर प्रथम धावून जातो तो काठावरचा माणूस. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एस. टी. गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा मागून येणारी वाहने अडविण्यासाठी धावला तो जवळच्या गॅरेजमधला एक कामगार. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि 5 जून 2017 रोजी खुला झाला. मनावर घेतले तर खाते किती वेगाने चालू शकते याचा हा दाखला पोलादपूरकरांनी विसरू नये. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. त्यातून वाचलेल्या एकट्याने वर चढून येऊन बातमी दिली, आणि दोर लावून दरीत उतरले ते परिसरातले गिर्यारोहक.

अशा माणसांच्या मनात पोलिसी चौकशीची भीती असते. ती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने कलम 134अ अन्वये जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याच्यावर खटला होत नाही, स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती होत नाही. महामार्ग पोलिसांनी 2021मध्ये सुरू केलेल्या 'मृत्युंजय दूत' योजनेत महामार्गाकाठच्या गावकऱ्यांना आणि ढाबेवाल्यांना प्रथमोपचार शिकविण्याची तजवीज आहे. कशेडीच्या दोन्ही अंगांच्या प्रत्येक वाडीत असे चार-पाच दूत हवेत, एक स्ट्रेचर हवे, आणि 108ला फोन करताना सांगता येईल असा किलोमीटरचा दगड प्रत्येकाच्या तोंडी पाठ हवा. हद्दीवरच्या अपघातात जागा पोलादपूरची की खेडची, हा प्रश्न जखमीला उचलल्यानंतर विचारावयाचा.

ग्रामसभेपुढे ठेवावयाच्या अर्जात मी तीनच मागण्या घालीन: जुन्या घाटाच्या धन्याचे नाव, वाड्यांसाठी सकाळ-संध्याकाळची एकेक फेरी, आणि सरळ टप्प्यावर हलविलेल्या थांब्यापाशी एक दिवा. ठरावाची एक प्रत आगारात, एक बांधकाम खात्यात आणि एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पोहोचती करून तिन्ही ठिकाणची पोच जपून ठेवावी. दिव्याची मागणी सर्वांत आधी लिहावी, कारण पावसाळी संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन उतरलेली ती बाई येणाऱ्या चालकाला आज दिसतच नाही.