अँटेनाच्या तारेला फाटा फोडताना

महाड आणि पोलादपूर ही सावित्री नदीच्या खोऱ्यातील दोन तालुक्यांची ठिकाणे. दूरचित्रवाणीच्या तरंगांचा विचार केला तर ती मोठ्या अडचणीच्या जागी वसलेली आहेत. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईपलीकडे ते फारसे पोहोचत नाहीत. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळाला ४.१ ने गुणले की त्याचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ३०० मीटरसाठी ते ७१ किलोमीटर येते. घरावरच्या १० मीटर उंचीच्या अँटेनाचे स्वतःचे क्षितिज १३ किलोमीटर. दोन्ही मिळून ८४ झाले. महाड मात्र वरळीपासून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे!

१९७३ साली पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झाले. सिंहगडाची उंची सुमारे १३०० मीटर, म्हणजे त्याचे क्षितिज १४८ किलोमीटर. महाड तेथून ४७ आणि पोलादपूर ५२ किलोमीटरच्या आसपास. गणित आता जमायला हवे. पण मध्ये सह्याद्री उभा आहे. महाडहून सिंहगडाकडे नकाशावर रेषा ओढली तर ती तोरण्याच्या जवळून जाते, आणि १४०३ मीटर उंचीचा तोरणा सिंहगडाहूनही उंच आहे. एका केंद्राच्या आड पृथ्वीची गोलाई, तर दुसऱ्याच्या आड डोंगर. डोंगराच्या धारेवरून वाकून आलेले, म्हणजे विवर्तन पावलेले, किंवा दुसऱ्या एखाद्या कड्यावर आपटून परतलेले तरंग तेवढे खोऱ्यात उतरणार. पदरात पडणारा संदेश साहजिकच फार क्षीण.

अशा क्षीण संदेशाची वाटणी करायची असेल, किंवा दोन अँटेनांचे संदेश एका तारेत आणायचे असतील, तर काय करावे? नळाला दोन फाटे फोडावेत तशी तार सोलून दोन तारा पिळल्या आणि वर टेप गुंडाळली की झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे ते होत नाही. का होत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

तारेतून धावणाऱ्या तरंगाच्या बाबतीत विद्युत्‌दाब आणि प्रवाह यांचे एक ठराविक गुणोत्तर असते. त्याला संरोध म्हणतात. टीव्हीच्या गोल केबलचा संरोध ७५ ओहम, जुन्या चपट्या रिबन वायरचा ३००. ७५ ओहमच्या तारेला ७५ ओहमच्याच दोन तारा जोडल्या की येणाऱ्या तरंगाला पुढे ३७.५ ओहम दिसतात. हा मेळ न बसल्यामुळे त्याच्या शक्तीचा नववा हिस्सा मागे परावर्तित होतो आणि प्रत्येक फाट्यात चार नवमांश जातो. आदर्श वाटणीत अर्धा गेला असता. म्हणजे साध्या गाठीत शक्ती काही फार वाया जात नाही, आणि म्हणूनच अशा गाठी कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालून गेल्या.

खरा घोटाळा दुसरीकडे आहे. समजा, दुसऱ्या खोलीतला टीव्ही काढून ठेवला आणि त्याच्या तारेचे टोक तसेच मोकळे सोडले. मुंबईचे जुने प्रक्षेपण चौथ्या चॅनेलवर, साधारण ६२ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर होते. ३०० ला ६२ ने भागले की हवेतली तरंगलांबी ४.८४ मीटर मिळते. भरीव प्लास्टिकच्या केबलमध्ये तरंगाचा वेग ०.६६ पट असतो, म्हणून तेथे ती ३.२ मीटर होते. तिचा चौथा भाग ८० सेंटिमीटर. मोकळ्या टोकाचा फाटा नेमका ८० सेंटिमीटर लांब राहिला, तर टोकाकडून परतलेला तरंग गाठीशी येईतो अर्धी तरंगलांबी चालून उलटा होतो आणि येणाऱ्या तरंगाला मारतो. त्या चॅनेलपुरती तार जणू तेथेच आखूड होते! चालू टीव्हीवर मुंग्या दिसू लागतात आणि घरातले बिचारे छपरावर चढून अँटेना फिरवत बसतात.

स्प्लिटर नावाची धातूची लहान डबी हा घोटाळा टाळते. तिच्यात फेराइटच्या मण्यावर गुंडाळलेला चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो, आणि दोन्ही निर्गमांच्या मध्ये एक रोधक. दोन्ही फाटे सारखे असतील तर रोधकाच्या दोन्ही टोकांशी दाब सारखाच राहतो आणि त्यातून काही वाहत नाही. एका फाट्यातून परावर्तन आले तर मात्र त्याचा अर्धा भाग रोधकात जिरतो आणि अर्धा प्रवेशाकडे परततो, शेजारच्या फाट्यापर्यंत ते पोहोचत नाही. प्रत्येक फाट्याला अर्धी शक्ती मिळते. अभियंते तिला ३ डेसिबेलची घट म्हणतात. प्रत्यक्षात डबीची स्वतःची थोडी हानी धरून ती साडेतीनच्या आसपास भरते.

विद्यार्थी मित्रांनो, आता हीच डबी उलटी लावू. दोन अँटेना दोन निर्गमांना आणि टीव्ही प्रवेशाला. पुष्कळांचा समज असा की फोडताना अर्धे होते, तर जोडताना दुप्पट व्हावे. पण जाताना ज्या वाटेवर अर्धे मिळते, त्याच वाटेने उलट येतानाही अर्धेच मिळणार. एका अँटेनाचा संदेश अर्धा टीव्हीकडे जातो आणि उरलेला अर्धा रोधकात उष्णता होऊन संपतो. याला अपवाद एकच. दोन्ही अँटेना एकाच केंद्राकडे रोखलेल्या, सारख्या आणि सारख्याच लांबीच्या तारांनी जोडलेल्या असतील, तर दोन्ही तरंग पावलाला पाऊल लावून येतात, रोधकात काहीच जात नाही आणि खरोखर दुप्पट शक्ती मिळते. एक तार १.६ मीटरने, म्हणजे केबलमधल्या अर्ध्या तरंगलांबीने, जास्त झाली की सगळा संदेश रोधकात आणि पडद्यावर शून्य!

महाडच्या घराने मुंबई आणि सिंहगड दोन्ही धरायचे म्हटले असते, तर ही सवलत मिळालीच नसती. मुंबई तेथून उत्तरेच्या जरा पश्चिमेला, सिंहगड ईशान्येला. दोहोंमधला कोन सुमारे ८० अंशांचा. एकाच दिशेला कान देणाऱ्या यागी अँटेना दोनच लागणार. मात्र कंप्रता वेगळ्या होत्या. मुंबई पहिल्या पट्ट्यात, तर सिंहगड तिसऱ्या, म्हणजे १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. अशा वेळी स्प्लिटरऐवजी गाळणी वापरावी. तारेच्या वेटोळ्यातून कमी कंप्रता सहज जातात, कंडेन्सरमधून जास्त. दोन्हींची योग्य जुळणी केली की प्रत्येक अँटेनाला फक्त स्वतःच्या पट्ट्याचे दार उघडे राहते आणि अर्धा वाटा गमवावा लागत नाही. दोन्ही अँटेना एकाच चॅनेलवर एकत्र केल्या असत्या तर कड्यावरून परतलेला तरंगही जोडीला आला असता. एक किलोमीटर जादा फिरून आलेला तरंग ३.३ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. पडद्यावरची एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रंगते. ४० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर मूळ चित्राच्या उजवीकडे अडीच सेंटिमीटरवर त्याचे भूत उभे!

अर्धा संदेश गेला तर बूस्टर लावू, असे कोणी म्हणेल. बूस्टर कोठे लावला यावर सारे अवलंबून आहे. समजा, अँटेना १६ एकके शक्ती देते. बूस्टर असो वा टीव्ही, आत येणाऱ्या संदेशात प्रत्येक जण स्वतःचा २ एकके गोंगाट मिसळतो. गुणोत्तर आठास एक. आधी वाटणी केली तर बूस्टरकडे ८ एकके येतात आणि गुणोत्तर चारास एक होते. मग शंभर पट वाढवले तरी ८०० संदेशाबरोबर २०० गोंगाट वाढतोच. बूस्टर खांबावर, अँटेनाला लागून बसवला, तर आधी १६००ला २००, मग वाटणी होऊन ८००ला १००. नंतर टीव्हीने आपले २ मिसळले तरी बिघडत नाही, गुणोत्तर आठाच्या जवळच राहते. पुष्कळ घरांत बूस्टर टीव्हीच्या मागे ठेवलेला असे. तो तेथे मुंग्याही तेवढ्याच इमानाने मोठ्या करत असे.

हे अॅनालॉग प्रक्षेपण आता इतिहासात गेले. २०२२ सालापर्यंत देशातली बहुतेक अॅनालॉग केंद्रे बंद झाली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत उपग्रहसेवा सुरू झाली, तीच पुढे डीडी फ्री डिश. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाडहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. पाच किलोमीटरवरचा ८०० मीटर उंचीचा डोंगर जेमतेम ९ अंश आकाश अडवतो. खोऱ्याची अडचण एका फटक्यात दूर झाली.

छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो तो एलएनबी. तो तेथल्या तेथे संदेश लक्षावधी पट वाढवतो. खांबावरचा बूस्टरच तो! त्यामुळे त्याच्यानंतर स्प्लिटर लावला तरी चित्राचे फारसे नुकसान नाही. नवी अडचण विजेच्या दाबाची आहे. एलएनबीला सेट टॉप बॉक्स तारेतूनच १३ किंवा १८ व्होल्ट देतो. १३ व्होल्टला तो उभ्या ध्रुवणाचे तरंग घेतो, १८ला आडव्या. दोन बॉक्स एकाच तारेवर बसवले आणि एकाने १३, दुसऱ्याने १८ मागितले, तर १८वाल्याचे चालते आणि दुसऱ्याचे चॅनेल जाते. दोन खोल्यांसाठी दोन निर्गमांचा एलएनबी घेऊन दोन स्वतंत्र तारा ओढाव्यात, हे उत्तम.

पावसाचे काय? चौथ्या चॅनेलच्या जवळजवळ पाच मीटर लांबीच्या तरंगांना पावसाचा थेंब जाणवतही नसे. छत्रीचे तरंग अडीच-तीन सेंटिमीटरचे. टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये पूर शिरला आणि तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तशा धुवांधार पावसात, बातमी सर्वांत जास्त हवी असते नेमक्या तेव्हा, छत्रीचे चित्र गोठते. ही घट एलएनबीच्या आधी, आकाशातच झालेली असते. म्हणून स्प्लिटर काढल्याने किंवा तारेत बूस्टर बसवल्याने ती भरून येत नाही. ६० सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीऐवजी ९०ची बसवली तर तरंग गोळा करणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, आणि तेवढ्या जास्तीच्या पावसात चित्र टिकते.