एन्लार्जर व रंगीत फिल्टर

भर उन्हांत शाळेच्या अंगणांत घेतलेल्या समूहचित्राची निगेटिव्ह एन्लार्जरमध्यें घातली, तर पुष्कळदां पांढरे सदरे अगदीं कोरे उमटतात व मागच्या ओळींतील, सावलींत उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे काळोखांत बुडतात. पावसाळ्यांतील ढगाळ दिवशीं घेतलेल्या चित्राची गत उलट. तेथें सारेंच राखेच्या रंगाचें. पहिलींत छायाप्रकाशाचा विरोध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, फार, दुसरींत अल्प. मागच्या ओळींतील आपला मुलगा आईस ओळखतां यावा अशी इच्छा असेल, तर हा विरोध अंधारखोलींतच ताळ्यावर आणला पाहिजे.

पूर्वीं यासाठीं सौम्य व तीव्र असे निरनिराळे कागद बाळगावे लागत. १९४० सालीं इंग्लंडांतील इलफर्ड कंपनीनें ‘मल्टिग्रेड’ कागद विक्रीस आणला आणि एकाच कागदावर हें सर्व साधूं लागलें.

त्यांतील युक्ति मोठी मनोरंजक आहे. आजच्या अशा कागदाच्या प्रकाशग्राही लेपांत बहुधा तीन प्रकार मिसळलेले असतात. निळा प्रकाश पडतांच ते सर्व जवळजवळ एकदम जागे होतात. म्हणून काळेपणा झपाट्यानें चढतो व चित्र तीव्र होतें. हिरव्या प्रकाशानें मात्र एक लौकर जागा होतो, दुसरा उशिरां, तिसरा त्याहून उशिरां. त्यामुळें काळेपणा पायरीपायरीनें चढून चित्र सौम्य होतें. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवितो, किरमिजी फिल्टर हिरवा. तेव्हां उन्हांतील चित्रास पिवळा व ढगाळ चित्रास किरमिजी लावावा. (चित्र मात्र काळें-पांढरेंच राहतें, नवशिके ही शंका हटकून विचारतात!)

इलफर्डच्या संचांत ०० पासून ५ पर्यंत बारा फिल्टर असतात. ०० सर्वांत सौम्य. प्रथम २ क्रमांकाचा लावून, सदऱ्याच्या चुण्या दिसतील इतकाच वेळ प्रकाश द्यावा. मग चेहरे पाहावे. ते काळे वाटल्यास १ किंवा ० लावावा. ३½ पर्यंत वेळ बहुतेक तोच चालतो, ४ पासून दुप्पट लागतो. तथापि प्रत्येक वेळीं कागदाच्या लहान पट्टीवर परीक्षा घेणें बरें. निगेटिव्हमध्यें जो चेहरा उमटलाच नाहीं, तो कोणताहि फिल्टर आणूं शकत नाहीं.

भिंगाखालीं लावावयाच्या फिल्टरवर बोटाचा ठसा उमटला, तर चित्र अंधुक होतें. म्हणून तो नेहमीं कडेनेंच धरावा.