रद्द झालेला प्रवास आणि विम्याचा दावा

परदेशी स्थायिक झालेल्या लेकीकडे एकदा तरी जाऊन यावे, ही इच्छा आज मध्यमवर्गीय घरांतही दुर्मीळ राहिलेली नाही. बँकेच्या शाखेत परकीय चलनासाठी, व्हिसाकरिता लागणाऱ्या खातेउताऱ्यासाठी आणि प्रवास विम्यासाठी येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांची वर्दळ उन्हाळ्याच्या तोंडावर वाढते. त्यांतील बहुतेकांचा प्रवास सुखरूप पार पडतो आणि विमापत्र कपाटात तसेच घडी केलेले राहते. काहींचा प्रवास मात्र घराच्या उंबरठ्यावरच थांबतो. अशा वेळी त्या घडी केलेल्या कागदात नेमके काय लिहिले होते, हे प्रथमच वाचले जाते.

बडोद्यातील एका निवृत्त मराठी दांपत्याचे उदाहरण घेऊ. मुलगी जर्मनीत, तिच्याकडे महिनाभर राहायचे आणि वाटेत चार दिवस व्हिएन्ना पाहायचे, असा बेत. दोघांची विमानाची तिकिटे १,२४,००० रुपयांची, स्वस्त म्हणून घेतलेली आणि म्हणूनच रद्द केल्यास भाडे परत न मिळणारी. व्हिएन्नातील हॉटेलचे ३०,००० रुपये आगाऊ भरलेले. निघण्यास दहा दिवस उरले असताना जिना चढताना काकांच्या छातीत कळ आली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा दिसला आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी सहा आठवडे विमानप्रवास करू नये, असे बजावले.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा अनिवार्य असतो. त्यामुळे या दांपत्याकडे विमापत्र होतेच. परंतु व्हिसाची ही अट केवळ परदेशातील उपचार, तातडीची मदत आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चापुरती आहे. प्रवास रद्द झाल्यास बुडणाऱ्या पैशांशी तिचा संबंध नाही. सर्वांत कमी हप्त्याची योजना निवडणाऱ्या अनेकांच्या विमापत्रात प्रवास रद्द होण्याचे कलमच नसते. या दांपत्याने मुलीच्या आग्रहाने थोडा अधिक हप्ता भरून ते कलम असलेली योजना घेतली होती, आणि तीही तिकिटे काढल्याच्या आठवड्यातच. हा दुसरा मुद्दाही महत्त्वाचा आहे. प्रवास रद्द होण्याचे संरक्षण विमापत्र दिल्याच्या दिवसापासून प्रवासाच्या आरंभापर्यंत चालते. आदल्या रात्री घाईने विमा घेणाऱ्याला परदेशातील आजारपणासाठी त्याचा उपयोग होईल, पण या कलमासाठी त्याने हप्ता जवळजवळ व्यर्थच भरलेला असतो.

रेल्वेचे तिकीट आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर काढताना काही पैशांत मिळणारा ऐच्छिक विमा मात्र पूर्णतः निराळा आहे. तो रेल्वे अपघातातील मृत्यू, अपंगत्व व रुग्णालयीन खर्चासाठी असतो. ताप आला म्हणून रद्द केलेल्या तिकिटाची भरपाई त्यातून मागणारे ग्राहक भेटतात, आणि त्यांची निराशा होते.

आता बडोद्याच्या घराकडे वळू. रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर काकांनी तिकिटे रद्द करू दिली नाहीत. "पुढच्या तपासणीत डॉक्टर परवानगी देतील," ही आशा त्यांना सोडवेना. काकूंनी दोनदा विषय काढला आणि दोनदा तो टाळला गेला. अखेर प्रस्थानाला दोन दिवस उरले असताना तिकिटे आणि हॉटेल रद्द झाले. विमान कंपनीकडून कर व विमानतळ शुल्काचे २२,००० रुपये परत आले. (भारतीय विमान कंपन्यांना परतावा न देणाऱ्या भाड्यावरही वैधानिक कर व विमानतळ शुल्क परत करणे नियमाने बंधनकारक आहे, ते मागून घेण्याची तसदी अनेक प्रवासी घेत नाहीत.) हॉटेलचे मात्र काहीच परत आले नाही, कारण विनाशुल्क रद्द करण्याची मुदत प्रस्थानापूर्वी पाच दिवस होती आणि ती उलटून गेली होती.

या विलंबाचे मोल पुढे मोजावे लागले. विम्याचा करार क्षतिपूर्तीचा करार आहे. विमाधारकाचे झालेले नुकसान भरून देणे एवढाच त्याचा हेतू, आणि ते नुकसान शक्य तितके कमी राखणे हे विमाधारकाचे कर्तव्य. विमा नसता तर सुज्ञ माणूस जसा वागला असता, तसेच विमा असतानाही वागावे, अशी अपेक्षा असते. डॉक्टरांनी ज्या दिवशी प्रवास वर्ज्य केला, त्या दिवशी हॉटेल रद्द केले असते तर एक रुपयाही बुडाला नसता. म्हणून कंपनीने ते ३०,००० रुपये नुकसानात धरलेच नाहीत. कायद्याच्या दृष्टीने कंपनीचे म्हणणे चूक म्हणता येत नाही. रुग्णशय्येवरील माणसाच्या मनाला ते पटवून देणे मात्र कठीण.

परंतु तो हिशेब नंतरचा. प्रथम आले ते संपूर्ण दावा नाकारल्याचे पत्र. दाव्यासोबत विमापत्राची प्रत, तिकिटे व पावत्या, रद्द केल्याचे पुरावे, विमान कंपनीने किती रक्कम परत केली त्याचा तपशील, प्रवास करू नये असे डॉक्टरांचे तारखेसह प्रमाणपत्र, रुग्णालयाची डिस्चार्ज समरी आणि खात्याचा रद्द केलेला धनादेश असे सारे जोडले होते. नकाराचे कारण होते डिस्चार्ज समरीतील एक ओळ. तीत रुग्णाला रक्तदाब व मधुमेह असल्याचे लिहिले होते. प्रस्तावपत्रात काकांनी रक्तदाब प्रामाणिकपणे नमूद केला होता. मधुमेहाचा उल्लेख नव्हता, कारण मधुमेह नव्हताच. रुग्णालयात दाखल होताना धावपळीत सोबत आलेल्या भाच्याने डॉक्टरांच्या प्रश्नाला "मामांना थोडी शुगरही आहे बहुतेक," असे उत्तर दिले होते. तेवढे कागदावर उतरले, आणि आजार लपविल्याचा ठपका आला.

विमाकरार परम सद्भावावर उभा असतो. विचारलेली आरोग्यविषयक माहिती दडविली, तर कंपनीला दावा नाकारण्याचा आधार मिळतो. त्यामुळेच रुग्णालयातील पूर्वेतिहासाच्या दोन ओळींना दाव्यात विलक्षण वजन असते. डिस्चार्ज समरी हातात पडताच, घरी निघण्यापूर्वी, ती ओळीओळीने वाचून घ्यावी. चूक असल्यास त्याच वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी दुरुस्ती घेणे सोपे असते. दोन महिन्यांनंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात.

या प्रकरणात पुरावा रुग्णालयाच्याच कागदांत होता. दाखल झाल्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत एचबीएवनसी ५.४ टक्के आले होते. ५.७ टक्क्यांखालील प्रमाण सर्वसाधारण मानले जाते, आणि काका मधुमेहावर कोणतेही औषध घेत नव्हते. मुलीने तो अहवाल, डॉक्टरांचे दुरुस्तीपत्र, हृदयविकाराचे निदान यापूर्वी कधीही झाले नव्हते असे प्रमाणपत्र आणि प्रस्तावपत्राची प्रत जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करविला. शेवटचा कागद सर्वांत मोलाचा ठरला. प्रस्तावपत्राची प्रत जवळ ठेवणारे ग्राहक विरळाच. ते दुसऱ्याने भरले असेल तर त्यात काय लिहिले गेले हेही ठाऊक नसते. विमा बँकेमार्फत घेतला असला तरी बँक येथे मध्यस्थ असते, दाव्याचा निर्णय विमा कंपनीचा. प्रस्तावपत्र ग्राहकाने स्वतः वाचून, मगच स्वाक्षरी करावी, हा आग्रह मात्र शाखेतील कर्मचाऱ्याने धरायलाच हवा.

काकूंच्या तिकिटाबाबतही एक शंका निघाली. आजारी काका, मग काकूंचे नुकसान का भरून द्यावे? याचे उत्तर विमापत्राच्या शब्दांत असते. या योजनेत पती-पत्नी, आईवडील, अपत्ये अशा निकटच्या नातेवाइकांचे गंभीर आजारपण आणि रुग्णालयात दाखल होणे हे प्रवास रद्द करण्याचे मान्य कारण होते, म्हणून काकूंचाही दावा टिकला. विवाहाचा संबंध नसलेला सहप्रवासी मित्र असता, तर त्याच्यासाठी निराळी तरतूद आहे का ते पाहावे लागले असते.

कळविण्यास उशीर झाल्याचा आक्षेपही कंपनीने नोंदविला होता. याविषयी विमा नियामकाचे २० सप्टेंबर २०११ चे परिपत्रक आहे. केवळ सूचना किंवा कागदपत्रे उशिरा आली एवढ्याच कारणाने खरा दावा यांत्रिकपणे नाकारू नये, असे ते सांगते. आक्षेप मागे घेतला गेला.

सुमारे तीन आठवड्यांत सुधारित निर्णय आला. तिकिटांचे १,०२,००० रुपये मान्य. त्यातून प्रत्येक विमापत्राची ४,००० रुपयांची वजावट. खात्यात ९४,००० रुपये जमा. व्हिसाचे शुल्क या योजनेत समाविष्ट नव्हते, ते गेले. (सहल कंपनीचे पॅकेज असते तर त्यावर संकलित केलेला टीसीएसही दाव्यात धरला गेला नसता, कारण ती रक्कम पॅनवर जमा असते आणि प्राप्तिकर विवरणपत्रात तिचे श्रेय मिळते.)

कंपनीने पुन्हा नकार दिला असता, किंवा अर्जाला ३० दिवसांत उत्तरच दिले नसते, तर विमा लोकपालांचे दार उघडे होते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार नकारानंतर एक वर्षाच्या आत करावी लागते आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. बडोद्याच्या ग्राहकाला अहमदाबाद, इंदूरच्या ग्राहकाला भोपाळ, तर महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत. नियामकाच्या 'बीमा भरोसा' या संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते.

पुढच्या वसंतात जाण्याचे आता पुन्हा ठरते आहे. नव्या प्रस्तावपत्रात आजारांच्या रकान्यात काकांनी रक्तदाबाखाली स्टेंटची तारीख लिहिली आहे. हप्ता वाढला आहे, आणि हृदयविकारासंबंधीचे दावे वगळण्याची अट कंपनी घालते की काय, याचे उत्तर यायचे आहे. ते हाती येईपर्यंत तिकिटे काढायची नाहीत, असे या वेळी काकूंनी ठरविले आहे.