सहावं रजिस्टर कोणाचं?

तक्रार चमत्कारिक होती: आकडे सगळे पोचतात, पण जागा बदलून. आमच्या छोट्या सी कम्पायलरने तयार केलेला प्रोग्रॅम जीसीसीने कम्पाइल केलेल्या लायब्ररीतलं एक फंक्शन कॉल करत होता. आर्ग्युमेंट्स अशी: आधी पाच पूर्णांक, मग दोन पूर्णांकांची जोडी असलेलं एक स्ट्रक्ट, शेवटी आणखी एक पूर्णांक. जोडीत ६० आणि ७० घातले, शेवटी ८०. पलीकडे जोडी म्हणून ७० आणि ८० मिळाले, शेवटच्या जागी ६०. प्रोग्रॅम कोसळला नाही, कसला इशाराही आला नाही. बेरीज केली तर तीही बरोबर, त्यामुळे बेरीज तपासणारी जुनी चाचणी बिनबोभाट पास होत होती.

अशा वेळी सी कोडकडे टक लावून काही हाती लागत नाही. डीबगर लावायचा, कॉलच्या इन्स्ट्रक्शनवर थांबायचं आणि रजिस्टर्स वाचायची. लिनक्सवर ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी सिस्टिम व्ही एबीआय हा लेखी करार आहे. पहिले सहा पूर्णांक कुठून जाणार, हे त्यात क्रमासकट ठरलेलं आहे: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. पुढचे स्टॅकवर. कॉल करणाऱ्या फंक्शनला समोरच्याचा कोड दिसत नाही, समोरच्यालाही याचा दिसत नाही. दोघांनी करार पाळला तरच आकडे जागच्या जागी पोचतात.

पहिली पाच रजिस्टर्स चोख होती. आर९ मध्ये ६०, स्टॅकच्या माथ्यावर ७० आणि त्यामागे ८०. आमच्या कम्पायलरने जोडी फोडली होती: अर्धी उरलेल्या एकमेव रजिस्टरमध्ये, अर्धी स्टॅकवर. करार म्हणतो, १६ बाइटचं असं स्ट्रक्ट रजिस्टरमधून गेलं तर अख्खं जाईल, नाहीतर अख्खं स्टॅकवर. जीसीसीचं फंक्शन त्याप्रमाणे स्टॅकवरचे पहिले दोन आकडे जोडी म्हणून उचलत होतं आणि शेवटचा पूर्णांक आर९ मधून घेत होतं.

जोडी फोडायची बुद्धी कुठून आली? कोडचा हा भाग मुळात रिस्क-फाइव्हसाठी लिहिलेला होता, आणि तिथे तो अचूक आहे. एकच रजिस्टर शिल्लक असेल तर रिस्क-फाइव्हमध्ये पहिला अर्धा भाग त्यात आणि दुसरा स्टॅकवर, असाच नियम आहे. ६४ बिटांच्या आर्मवर अख्खी जोडी स्टॅकवर जाते आणि मागून येणाऱ्या पूर्णांकांनाही मग रजिस्टर मिळत नाही. उरलेलं रिकामंच राहतं. इंटेल-एएमडीवर मात्र ते मागच्याला मिळतं, म्हणजे आर९ वर हक्क ८० चा. तिन्ही नियम आपापल्या जागी वाजवी आहेत. म्हणूनच तर्काने अंदाज बांधून इथे भागत नाही, दस्तऐवज उघडून वाचावाच लागतो.

दुरुस्ती मोजक्या ओळींची. वाटपाआधी स्ट्रक्टला किती रजिस्टर्स लागतील ते मोजायचं. तेवढी नसतील तर ते पूर्ण स्टॅकवर टाकायचं आणि रजिस्टरचा काउंटर मुळीच हलवायचा नाही. पूर्णांक आणि डबल एकत्र असलेल्या स्ट्रक्टला दोन्ही प्रकारचं एकेक रजिस्टर लागतं. त्यातला एक प्रकार संपला असेल तरी मुक्काम स्टॅकवरच.

खरा वेळ गेला तो या ओळी कुठेकुठे हव्यात हे शोधण्यात. कॉल तयार करताना हा हिशेब होतो, फंक्शनच्या सुरुवातीला आर्ग्युमेंट्स उचलताना पुन्हा होतो. नुसती पहिली जागा दुरुस्त केली तर जीसीसीशी जुळतं, पण आमच्याच कम्पायलरची दोन फंक्शन्स एकमेकांना चुकीचे आकडे देऊ लागतात. तिसरी जागा पटकन सुचत नाही: प्रिंटएफसारख्या, कितीही आर्ग्युमेंट्स घेणाऱ्या फंक्शनमधली. तिथे रजिस्टर्सची प्रत १७६ बाइटच्या जागेत ठेवतात, त्यातले पहिले ४८ बाइट पूर्णांकांचे. शेवटचे ८ उरले असताना १६ बाइटचं स्ट्रक्ट तिथून वाचायचं नाही, हे तिथेही सांगावं लागतं. अखेर तिन्ही जागांचा हिशेब एकाच फंक्शनकडे दिला. हे आधीच व्हायला हवं होतं.

कॉल करणारं आणि कॉल होणारं फंक्शन एकाच कम्पायलरचं असलं की दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि उत्तर बरोबर येतं. म्हणून ही चूक टिकते. एलएलव्हीएमसारख्या मोठ्या प्रकल्पातही इंटेल-एएमडीवर १२८ बिटांचा पूर्णांक असाच अर्धा रजिस्टरमध्ये, अर्धा स्टॅकवर जात असे. ते सुधारलं २०२४ मध्ये, आवृत्ती १८ मध्ये. रस्टला त्याचा लाभ त्याच वर्षीच्या १.७८ पासून मिळाला.

तुम्ही कम्पायलर लिहीत असाल, अगदी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी का होईना, तर पहिल्या आठवड्यातच एक चाचणी लिहा. कॉल तुमच्या कम्पायलरचा आणि फंक्शन जीसीसीचं, मग उलट. प्रत्येक आर्ग्युमेंटला वेगळा आकडा द्या आणि प्रत्येक आकडा स्वतंत्र तपासा. बेरजेवर विसंबू नका.