चूक दाखवा, पण मन मोडू नका

वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. कोल्हापुरातील आमच्या वस्तीतही होते. एका वर्षी आठवीतली एक मुलगी वाचायला उभी राहिली. ‘प्रतीत्यसमुत्पाद’ या शब्दाशी ती तीनदा अडखळली. मागे कोणी हसले. आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे, पण आम्हीही भर सभेत बोलून गेलो, “आधी शुद्ध वाचायला शिक, मग पुढे ये.”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चार दिवसांनी तिची आई भेटली. धुणीभांडी करून मुलीला शिकवणारी ती माउली एवढेच म्हणाली, “दादा, घरात सांगणारं कुणी न्हाई वो. तुमीच सांगायचं हुतं.”

आम्हाला लाज वाटली. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या शाळेबाहेर ठेवले गेले, त्याच समाजातल्या लेकीला आम्ही मागे ढकलले होते!

बंधू-भगिनींनो, चूक दाखवूच नये असे नाही. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठसुद्धा, हात जोडून संघाला विनंती करतो की माझा दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर करुणेने सांगा, मी सुधारेन. दोष सांगणाऱ्यासाठीही भगवंतांनी पाच गोष्टी घालून दिल्या आहेत : योग्य वेळी सांगावे, खरे तेच सांगावे, सौम्य शब्दांत सांगावे, हिताचे सांगावे आणि मनात मैत्री ठेवून सांगावे. आमचे बोलणे खरे होते. पण बाकीच्या चारही गोष्टी चुकल्या होत्या.

आम्ही तिच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. मग म्हणालो, “पोरी, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. मोठा शब्द आला की फोडून वाच : प्रतीत्य, समुत्पाद. आणि उद्याचे पान आज रात्री एकदा वाचून ठेव.” ‘तुला येत नाही’ या वाक्याने काय सुधारायचे ते कळत नाही, ‘असे करून बघ’ म्हटले की वाट सापडते.

कौतुक मात्र चारचौघांत करावे. मार्च 1920 मध्ये आपल्या माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी 28 वर्षांच्या बाबासाहेबांचा भर सभेत गौरव केला आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे लोकांना सांगितले. ‘मूकनायक’ सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

आश्विन पौर्णिमेला त्या मुलीने न अडखळता वाचन केले. आम्ही तिला विचारले, “आता आमची चूक सांग.” ती हसून म्हणाली, “काका, तुमी भाषण लई लांबवता.”

सभा हसली, आम्हीही हसलो. तेव्हापासून आम्ही घड्याळ समोर ठेवून बोलतो. म्हणून हा लेखही इथेच थांबवतो. आज घरी मुलाची वही पाहताना त्या पाच गोष्टी आठवा. जयभीम!