सह्याद्रीचा धाकटा भाऊ: मॉरिशस

सह्याद्रीच्या काळ्या कातळाचं नातं मॉरिशसशी आहे, आणि ते जन्माचं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त स्रोतावरून सरकत असताना दख्खनचा लाव्हा ओतला गेला. भूपट्ट उत्तरेला निघून गेला, स्रोत मात्र मागे धगधगत राहिला.

कुणी म्हणेल, मधली लक्षद्वीप-मालदीव तर प्रवाळबेटं, मग ज्वालामुखीचा माग कुठे? प्रवाळाच्या खाली. १९८७च्या सागरी खोदाईत मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी, तर दक्षिणेला चागोसपाशी सुमारे ४.९ कोटी वर्षांचा बेसाल्ट सापडला. दक्षिणेकडे वय घटत जाणं हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. मॉरिशस आफ्रिकी भूपट्टावर असलं तरी स्रोत तोच. दोन भूपट्टांमधली समुद्रातली मध्यवर्ती कड त्या स्रोतावरून सरकली, एवढंच. म्हणून जेमतेम ८०-९० लाख वर्षांच्या या बेटावर क्यूरपिपचं विवर अजून ठळक आहे, कडेने प्रवाळाची भिंत आहे, आणि कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांच्या पायाखाली पुन्हा बेसाल्टच आहे.